नाडीचा वळ



रात्री साडी सोडली की कमरेवर एक रेघ दिसते. परकराची नाडी दिवसभर जिथे काचते, तिथला तो वळ. कुणाचा तांबूस, कुणाचा काळपट, कुणाची त्या जागेवरची कातडी जाड होऊन खवले सुटलेले. उन्हाळ्यात घामानं तिथं चुरचुरतं, खाज सुटते. आपण बोटभर खोबरेल तेल लावतो आणि सकाळी त्याच रेघेवर पुन्हा नाडी आवळतो. हा वळ आपण कुणाला दाखवत नाही. दाखवण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटतं.

आज या वळाचा इतिहास सांगायचा आहे. आधीच सांगते, घाबरू नका. नाडीचा वळ म्हणजे कॅन्सर नव्हे. लाखो बायकांना तो असतो आणि त्यांना त्याचं पुढे काहीही होत नाही. पण क्वचित एखादीच्या बाबतीत त्या जागी जखम होते, ती भरत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांनी कळतं की तो त्वचेचा कॅन्सर आहे. असं का होतं आणि हे कुणाच्या लक्षात आलं, ते समजण्यासाठी आधी थोडं दूर जाऊ या. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लंडनला.

त्या काळी लंडनमधल्या घरोघरी कोळसा जळायचा. धुराडी अरुंद आणि वाकडीतिकडी. ती साफ करायला मोठा माणूस आत मावत नसे, म्हणून गरिबांची पाच-सहा वर्षांची मुलं आत चढवत. काजळी अंगाच्या घडीघडीत जाऊन बसायची. आंघोळ क्वचितच. ही मुलं मोठी झाली की त्यांच्यातल्या काहींना जांघेजवळ, वृषणाच्या कातडीवर एक फोड येई. त्या धंद्यातले लोक त्याला काजळीचा चामखीळ म्हणत. डॉक्टरांना वाटे, हा गुप्तरोग. मग पारा देत. रोगी शरमेनं गप्प बसे आणि फोड वाढत जाई.

1775 मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकानं लिहून ठेवलं की हा गुप्तरोग नाही, हा कॅन्सर आहे, आणि तो काजळीमुळे होतो. एखादा कॅन्सर माणसाच्या कामामुळे होतो हे असं स्पष्टपणे सांगणारा तो पहिला मानला जातो. त्याच्याकडे आजच्यासारखी यंत्रं नव्हती. त्यानं दोनच गोष्टी केल्या. जागा नीट पाहिली, आणि रोगी पोटासाठी काय करतो ते विचारलं.

पुढे काय झालं तेही ऐका. धुराड्यांत मुलं घालण्यावर पहिला कायदा 1788 मध्ये झाला. तो कुणी पाळला नाही. मग आणखी कायदे झाले, तेही कागदावर राहिले. ही प्रथा खऱ्या अर्थानं बंद पडली 1875 च्या कायद्यानं, म्हणजे पॉटनं लिहिल्यानंतर 100 वर्षांनी. दरम्यान युरोपातल्या इतर देशांत हा रोग फारसा दिसत नव्हता. का, याचा शोध हेन्री बटलिन या इंग्रज डॉक्टरनं घेतला आणि 1892 मध्ये तो मांडला. तिकडचे धुराडेवाले अंगभर घट्ट विणीचे कपडे घालून कामाला जात आणि घरी आले की स्वच्छ अंग धूत. एवढाच फरक. कपडा आणि पाणी.

आता आपल्या देशात येऊ. काश्मीरमध्ये थंडीत लोक फेरन नावाचा लांब सैल अंगरखा घालतात आणि त्याच्या आत पोटाशी कांगडी धरतात. वेताच्या टोपलीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे. म्हातारी माणसं, बायका, मुलं, सगळे ती जवळ घेऊन बसतात. वर्षानुवर्षं ओटीपोटाला आणि मांड्यांना तीच ऊब लागते. कातडीवर तपकिरी जाळं उमटतं. एल्म्सली नावाचे मिशनरी डॉक्टर तिथे काम करत होते. त्यांनी 1866 मध्ये लिहिलं की काश्मिरी लोकांना नेमका याच जागी त्वचेचा कॅन्सर होतो. पुढे डॉक्टर नेव्ह यांनी श्रीनगरच्या मिशन रुग्णालयात असे अनेक रोगी पाहिले. इतर ठिकाणी पोटाच्या कातडीला कॅन्सर सहसा होत नाही. काश्मीरमध्ये होत होता, कारण तिथे कांगडी होती.

1915 मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळलं आणि तिथे कॅन्सर उठलेला दाखवला. पॉटनं नजरेनं ओळखलेली गोष्ट आता प्रयोगानं पक्की झाली. कातडीला एकाच जागी, एकच त्रास, वर्षानुवर्षं देत राहिलं की तिथल्या पेशी कधी तरी बिघडू शकतात.

आता मुंबई. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्याकडच्या कॅन्सर संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी तिथे येत. खानोलकरांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला. आपल्या लोकांना कॅन्सर होतो तो विलायतेतल्या लोकांसारखाच का, की आपल्या चालीरीतींप्रमाणे वेगळ्या जागी? 1945 मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी मिळून एक लेख प्रसिद्ध केला. भारतातल्या चालीरीतींशी जोडलेले कॅन्सरचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. त्यातला एक होता धोतराचा कॅन्सर.

धोतर कमरेला घट्ट आवळून बांधतात. तीच जागा, तोच काच, सकाळपासून रात्रीपर्यंत, पन्नास-साठ वर्षं. घाम, धूळ, घासणं. आधी कातडीचा रंग बदलतो, मग ती जाड होते, मग चीर पडते, मग जखम. आणि एखाद्याच्या त्या जखमेत कॅन्सर. पॉटनं काजळी पाहिली, एल्म्सलीनं कांगडी पाहिली, खानोलकरांच्या प्रयोगशाळेनं धोतराची गाठ पाहिली.

मैत्रिणींनो, धोतर हळूहळू कमी झालं. बायकांची साडी राहिली. आपल्या आज्या-पणज्या नऊवारी लुगडं नेसायच्या. त्याला परकर नाही, नाडी नाही, लुगडंच कमरेला आवळून खोचायचं. पुढे पाचवारी आली आणि तिच्याबरोबर परकर आला, परकराबरोबर नाडी आली. सुती नाडी, दोरीसारखी बारीक. साडीचं सगळं वजन, निऱ्यांचा सगळा भार त्या बारीक दोरीवर. साडी सुटू नये म्हणून आपण ती पोट आत घेऊन बांधतो.

या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या डॉक्टरांनी कमरेच्या याच रेघेवर कॅन्सर झालेल्या बायकांची नोंद केली आणि त्याला नाव दिलं साडीचा कॅन्सर. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध बायकांची हकिगत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक परकरावर साडी नेसणारी. दुसरी परकराशिवाय लुगडं नेसणारी. म्हणजे दोष एकट्या नाडीचा नाही, आवळण्याचा आहे. दोघींच्या कमरेवर न भरणारी जखम होती. पहिलीची दीड वर्षं, दुसरीची दोन वर्षं. दुसरीचा रोग तोवर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

या सगळ्या हकिगतीत मला सगळ्यात जास्त लागतात ते हे दीड वर्ष आणि दोन वर्षं. रोज आंघोळ करताना जखम दिसत असणार, रोज साडी नेसताना दुखत असणार. तरी एवढा वेळ गेला. लंडनचा धुराडेवाला शरमेनं गप्प बसला, आपली आजी पदराआड गप्प बसली. पोटाच्या आतला कॅन्सर शोधायला यंत्र लागतं. कातडीचा कॅन्सर डोळ्यांना दिसतो. इतका दिसणारा रोग उशिरा सापडतो, कारण तो कुणी दाखवत नाही, आणि दाखवला तर कुणी विचारत नाही की बाई, तुझा दिवस कसा जातो, कुठे काचतं, कुठे भाजतं.

आता उन्हाबद्दल. जगात त्वचेच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण ऊन हेच आहे. तेही नजरेनंच सापडलं. 1894 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात डॉक्टर उन्ना यांनी खलाशांच्या चेहऱ्याची आणि हातांची कातडी पाहिली. समुद्रावरच्या उन्हानं ती राठ, डागाळलेली झालेली आणि काहींना त्यावर कॅन्सर. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये, बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर द्युब्रय यांनी तसंच लिहिलं. 1928 मध्ये फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण सोडून कॅन्सर उठतो हे दाखवून दिलं. 1956 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लँकेस्टर यांनी आकडे मांडून सांगितलं की गोऱ्या लोकांत काळ्या डागाचा कॅन्सर, म्हणजे मेलानोमा, विषुववृत्ताकडे जावं तसा वाढत जातो. मूळच्या थंड मुलखातली गोरी कातडी, आणि वर ऑस्ट्रेलियाचं ऊन.

ऑस्ट्रेलियानं मग 1981 मध्ये एक मोहीम काढली. दूरदर्शनवर एक कार्टून समुद्रपक्षी नाचत नाचत तीन गोष्टी सांगायचा. अंगात शर्ट घाला, उघड्या कातडीला मलम लावा, डोक्यावर टोपी ठेवा. लहान मुलांच्या तोंडी ते गाणं बसलं आणि एका पिढीची सवय बदलली.

ऐकून गंमत वाटेल, पण आपल्या शेतात राबणाऱ्या बाईनं यातल्या दोन गोष्टी कुणी न शिकवता केलेल्या आहेत. खुरपायला, कापूस वेचायला जाताना ती साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते आणि डोक्याला रुमाल किंवा टॉवेल बांधते. लोक हसतात. हसू नका. धुराडेवाल्यांना ज्या कपड्यानं वाचवलं, त्याच जातीचा तो शर्ट आहे.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त असतं. ती देवानं दिलेली छत्रीच आहे. त्यामुळे उन्हानं होणारा कॅन्सर आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी. पण छत्री आहे म्हणून पाऊस लागतच नाही असं नाही. चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, पापणीजवळ, कानावर, ओठावर असे कॅन्सर आपल्याकडेही होतात. सावळ्या माणसात चेहऱ्यावरचा असा कॅन्सर पुष्कळदा काळ्या, चकाकत्या तिळासारखा दिसतो, आणि म्हणूनच फसवतो. काही मुलांच्या अंगात हे रंगद्रव्य जन्मतःच नसतं. केस पांढरट, कातडी गुलाबी, उन्हात डोळे मिटतात. या मुलांना छत्रीच नाही. त्यांना लहानपणापासून पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी आणि ऊन अडवणारं मलम हवंच. शाळेच्या मैदानातल्या दुपारच्या कवायतीतून त्यांना सूट मिळायला हवी, आणि कातडीची तपासणी नियमानं व्हायला हवी.

आणि एक कॅन्सर असा आहे की ज्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग आला. 1977 मध्ये निदान झालं, मेलानोमा. 11 मे 1981 रोजी ते गेले. वय होतं 36. सावळ्या आणि काळ्या माणसांत मेलानोमा झालाच तर तो बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. जिथे रंग कमी आणि लक्षही कमी. नखाखालचा डाग म्हणजे मार लागला असेल, असंच आपल्याला वाटतं. मार लागलेला डाग नखाबरोबर पुढे सरकत जातो आणि निघून जातो. जो सरकत नाही, रुंद होतो, नखाच्या मुळाशी कातडीत उतरतो, तो डॉक्टरला दाखवायचा.

आणखी एक जागा, तीही बायकांच्या जवळची. भाजल्याचा जुना व्रण. 1828 मध्ये फ्रान्सच्या मार्जोलिन यांनी जुन्या व्रणांवर उठणाऱ्या जखमांचं वर्णन केलं. त्यातल्या काही कॅन्सर असतात हे पुढे इतरांनी ओळखलं, नाव मात्र मार्जोलिनचं राहिलं. चुलीवर, स्टोव्हवर भाजलेल्या किती बायका आपल्यात आहेत. वीस-तीस वर्षांनी त्या व्रणावर पुन्हा फोड आला, कातडी फाटू लागली, रक्त येऊ लागलं, तर ‘जुनंच आहे’ म्हणून सोडू नका. नाडीच्या जखमेतला कॅन्सरही याच जातीचा.

मग करायचं काय? साधंच आहे.

नाडीबद्दल आधी. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टीची नाडी घाला, नाहीतर रुंद इलास्टिक लावा. कमरेत दोन बोटं सहज जातील इतकी सैल बांधा. रोज त्याच रेघेवर नको, कधी थोडी वर, कधी थोडी खाली. रात्री कमर मोकळी ठेवा. घरातल्या वयस्कर सासूबाई लुगडं सोडणार नाहीत, सोडायला सांगूही नका. गाठ सैल करायला सांगा, आणि तिथे कातडी कशी आहे ते पाहू द्या म्हणा. वळावर खाज, खवले असतील तर घरगुती लेप लावत बसू नका, त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवा. तो वळ बराही होतो.

उन्हाचं बोलायचं तर सकाळी 10 ते दुपारी 4 हे ऊन सगळ्यात कडक. रोजंदारीच्या बाईला त्या वेळी सावलीत बसा म्हणणं सोपं नाही, म्हणून शर्ट, रुमाल आणि झाडाखालची जेवणाची सुट्टी सोडू नका. ऊन अडवणारं मलम परवडत असेल तर 30 किंवा त्यापुढचा आकडा पाहून घ्या आणि घामानं जातं म्हणून दोन तासांनी पुन्हा लावा. परवडत नसेल तर कपडा त्याहून स्वस्त आणि भरवशाचा आहे.

पाहण्याचं काम महिन्यातून एकदा करा. आंघोळीच्या वेळी कमरेची रेघ, मांड्या, जुने व्रण, तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं पाहा. पाठ स्वतःला दिसत नाही, ती लेकीनं किंवा सुनेनं पाहावी. डोक्याला तेल लावताना केसांच्या भांगातून टाळू पाहा.

काय दिसलं तर जायचं? चार आठवड्यांत न भरणारी जखम. कडा जाड झालेली, सहज रक्त येणारी, खपली धरून पुन्हा फुटणारी. तिळाबद्दल 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी चार खुणा सांगितल्या, पुढे त्यात पाचवी आली. तीळ एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळाच. कडा वेड्यावाकड्या. एकाच तिळात दोन-तीन रंग. आकार 6 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठा. आणि पाचवी, बदल. जन्मापासून तसाच असलेला तीळ बहुधा आपला सोबती. अचानक वाढणारा, रंग बदलणारा, खाजणारा तीळ डॉक्टरला दाखवायचा.

डॉक्टर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतील. त्याला बायोप्सी म्हणतात. आपल्याकडे एक भीती फार पसरलेली आहे की सुई लागली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. कातडीच्या या तपासणीनं तो पसरत नाही. पसरतो तो वाट पाहिल्यानं. लहान असताना सापडलेला त्वचेचा कॅन्सर बहुतेक वेळा एका शस्त्रक्रियेत निघून जातो. रोगी घरी येते, आठ-पंधरा दिवसांत कामाला लागते.

डॉक्टर पुरुष असेल, कमर उघडायची लाज वाटेल. बरोबर एखादीला घेऊन जा. आशाताईंना सांगा, त्या येतील. आणि आत गेल्यावर नुसती जखम दाखवू नका, बोला. नाडी कुठे बांधते, किती वर्षं बांधते, शेतात किती वेळ असते, लहानपणी कुठे भाजलं होतं, सगळं सांगा. पॉटपासून खानोलकरांपर्यंत ज्यांनी काही शोधलं, त्यांना रोग्याच्या अशाच साध्या माहितीतून ते सापडलं.

आज रात्री साडी सोडाल तेव्हा आरशासमोर अर्धा मिनिट थांबा. कमरेच्या रेघेवरून सगळीकडे बोट फिरवा. काही नसेल तर निवांत झोपा, आणि उद्या नाडी थोडी सैल बांधा. काही असेल तर उद्या सकाळीच घरात कुणाला तरी सांगा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.